व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह आलंय आणि घरात टॉवेल वेगळा झालाय. हे पसरतं तरी कसं?

अबोली_सोलापूर (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. विषय नाजूक आहे, नेहमीच्या आयडीने लिहवेना, म्हणून हा नवा काढला.

माझी धाकटी जाऊ पाचव्या महिन्यात आहे. नाव नोंदवताना रक्त-लघवीच्या तपासण्या होतात, त्यात तिचं व्हीडीआरएल, म्हणजे उपदंशाची (सिफिलिसची) रक्ततपासणी, रिॲक्टिव्ह आलं. रिपोर्ट आणायला दीर गेले होते. लॅबमधल्या मुलाने "ही गुप्तरोगाची टेस्ट असते" एवढंच सांगून कागद हातात दिला आणि दिरांनी तो घरी येऊन सासूबाईंच्या देखत वाचला. झालं. तेव्हापासून जावेचा टॉवेल वेगळा, बादली वेगळी, तांब्याला ओळखू यावा म्हणून लाल दोरा बांधलाय. आमचा जुना वाडा, संडास चार बिऱ्हाडांत मिळून. सासूबाई एका श्वासात म्हणतात की तिथूनच लागलं असणार आणि दुसऱ्या श्वासात म्हणतात की माहेरून घेऊन आली.

तिला काहीच त्रास नाही. जखम नाही, खाज नाही, अंगावरून पांढरं जात नाही. दीर टॉवेलच्या ऑर्डरी घेऊन महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी असतात. "मला काही झालेलं नाही, मी कशाला रक्त देऊ?" म्हणतात.

संडास, टॉवेल, ताट-वाटी यातून हे होतं का? बाळाला काही होईल का? आणि दिरांना काही होत नाही म्हणजे रोग हिचाच, असं धरायचं का?

होटगीरोडकर
ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. बाकीचं जाणकार सांगतीलच.

शेंगाचटणी
सामायिक संडासातून होऊ शकतं. आमच्या चाळीत एका बाईला झालं होतं, डॉक्टरांनीच सांगितलं होतं तसं. काळजी घेतलेली बरी, दोरा बांधला तर बिघडलं काय?

लॅबवाला
सोलापुरातच लॅबमध्ये आयुष्य गेलं, आता निवृत्त. त्या मुलाने अर्धवट सांगून कागद दिला, ही आमच्या धंद्याची जुनी खोड आहे. हरकत नाही, पुढचं मी सांगतो.

ही टेस्ट जंतू शोधत नाही. उपदंशाचा जंतू अंगात शिरला की पेशींची मोडतोड होते आणि कार्डिओलिपिन नावाच्या चरबीसारख्या पदार्थाविरुद्ध रक्तात प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार होतात. टेस्ट ती पकडते. हिचीच बहीण म्हणजे आरपीआर टेस्ट, तिचं कार्ड कधी बघितलं नसेल तर सांगतो: पांढऱ्या गुळगुळीत कार्डावर गोल आखलेले असतात, त्यात सिरमचा (रक्तातल्या पिवळसर पाण्याचा) थेंब, वर कोळशाची बारीक पूड मिसळलेलं अँटिजेन, आणि कार्ड ८ मिनिटं यंत्रावर गोल फिरवायचं. काही नसेल तर सगळा गोल एकसारखा करडा राहतो. असेल तर काळे दाणे गोळा होऊन डोळ्यांना दिसतात. व्हीडीआरएलचं तत्त्व तेच, फक्त ४ मिनिटं फिरवून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं.

आता गोम अशी की ही प्रतिपिंडं दुसऱ्या कारणानेही येतात. मलेरिया, टीबी, ल्युपससारखे आजार, उतारवय, आणि कधी कधी नुसतं गरोदरपणही. म्हणून रिॲक्टिव्ह आलं की टीपीएचए करायची असते, ती त्या जंतूच्याच विरुद्धची प्रतिपिंडं बघते. आणि रिपोर्टवर टायटर आहे का बघा: १:२, १:४, १:१६ असं काहीतरी. सिरम किती पातळ केलं तरी दाणे दिसतात, त्याचा तो आकडा. नुसतं "रिॲक्टिव्ह" लिहून दिलेला रिपोर्ट अर्धा समजा.

कडक_भाकर
लॅबवाले काका, तुम्ही शाळेत शिकवायला पाहिजे होतं बे. पहिल्यांदा काहीतरी कळायलंय.

पांढरा_कोट
स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. @शेंगाचटणी, नाही हो. उपदंशाचा जंतू शरीराबाहेर तग धरत नाही. वाळलं की मेला, साबण लागला की मेला. संडासाची फरशी, टॉवेल, कपडे, ताट-वाटी, एकत्र जेवण, यातून तो होत नाही. होतो तो ओल्या जखमेचा किंवा चट्ट्याचा दुसऱ्याच्या नाजूक त्वचेशी थेट संबंध आला की. म्हणजे शरीरसंबंधातून, मग तो योनीमार्गे असो, गुदमार्गे असो की मुखाने. तोंडात जखम असेल तर चुंबनातूनही होऊ शकतो. दुसरा रस्ता आईकडून पोटातल्या बाळाकडे. रक्तातूनही जाऊ शकतो, पण आपल्याकडे रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची उपदंशासाठी तपासणी सक्तीची आहे आणि थंडीत ठेवलेल्या रक्तात हा जंतू काही दिवसांतच मरतो.

तुमच्या चाळीतल्या बाईला डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल तर ते संसार मोडू नये म्हणून सांगितलं असेल. मी असले डॉक्टर बघितलेत. भलेपणाने बोलतात आणि नवरा उपचाराविना राहतो.

शेंगाचटणी
संसार टिकला की नाही त्या बाईचा? मग चांगलंच झालं की!

अक्का_७१
टिकला असेल. आणि नंतरच्या बाळंतपणात काय झालं ते विचारलंत का कुणी?

मी नर्स होते, ग्रामीण भागात आणि नंतर शहरात. मेलेलं मूल जन्माला आलं की नशीब म्हणायचे, दुसरं गेलं की बाहेरची बाधा. तिसऱ्या वेळी कुणीतरी रक्त तपासायचं. हा "भलेपणा" मला नका सांगू.

नवीपेठकर
अवांतर: सोलापुरात राहून टॉवेलवर आळ घ्यायचा म्हणजे फारच झालं. आपला टेरी टॉवेल जगभर जातो, तो रोग पसरवायला लागला तर यंत्रमागवाल्यांनी करायचं काय? गमतीत घ्या.

इतिहासप्रेमी
आणखी थोडं अवांतर. हा आजार आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला असं मानतात. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या 'भावप्रकाशा'त फिरंग रोगाचं वर्णन आहे आणि कारण सांगितलंय अंगसंसर्ग. त्यावर उपाय पाऱ्याचा. पुढे १९०५ मध्ये जर्मनीत शॉडिन आणि हॉफमन यांना जंतू दिसला, १९०६ मध्ये वासरमन यांची रक्ततपासणी आली आणि १९४३ मध्ये अमेरिकेत महोनी यांनी पेनिसिलिनने रुग्ण बरे करून दाखवले.

कडक_भाकर
म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या वैद्यांनीसुद्धा संडासाचं नाव घेतलं नव्हतं.

नवीपेठकर
चारशे वर्षांपूर्वी संडास कुठं होते बे.

माहेर_बार्शी
हसून झालं असेल तर मूळ मुद्द्यावर येऊ. अबोलीताई, तुमच्या जावेला एकटीला गाठून कुणी बोललंय का? "माहेरून घेऊन आली" हे वाक्य पोटुशी बाई रोज ऐकतेय. मला तर आधी त्या सासूबाईंचाच राग आला.

आणि तुमच्या दिरांचंही कळत नाही. बाहेरगावी निम्मा महिना राहणारा तो, आणि तपासायचं हिला.

होटगीरोडकर
@माहेर_बार्शी, फिरतीवर असतो म्हणून तो बाहेरख्याली, असंही धरू नका. मी पण फिरतीचीच नोकरी केलीय. तिकडे सासूबाई सुनेवर घसरल्या, इकडे आपण दिरावर. रिपोर्टात कुणाकडून कुणाला गेलं हे लिहिलेलं नसतं.

माहेर_बार्शी
नसतं, मान्य. पण रक्त कुणाचं आधी तपासलं जातं? बाईचं, कारण ती गरोदर राहते. पुरुषाला नऊ महिने कुणी सुई लावत नाही. म्हणून कागदावर नाव तिचं येतं आणि रोगाला पण तिचंच नाव लागतं.

पांढरा_कोट
@माहेर_बार्शी हा मुद्दा सोळा आणे खरा आहे. त्यात वैद्यकीय भर घालते.

उपदंशाची पहिली जखम संबंधानंतर साधारण ३ आठवड्यांनी येते, १० ते ९० दिवसांत कधीही. एकच, कडक कडांची, आणि दुखत नाही. पुरुषाला ती दिसते तरी. बाईला ती योनीच्या आत किंवा गर्भाशयाच्या मुखावर असते, तिथं कोण बघणार? न दुखणारी जखम आपोआप ३ ते ६ आठवड्यांत भरून येते. मग काही आठवड्यांनी अंगावर पुरळ, खास करून तळहात आणि तळपायावर, खाजत नाही, बारीक ताप, घसा, कुणाचे केस जागोजागी गळतात. बाई त्वचेचं मलम लावते, घामोळं समजते, तेही जातं. त्यानंतर वर्षानुवर्षं काहीच नाही, फक्त रक्तात सापडतो. तुमची जाऊ बहुधा याच टप्प्यावर असेल. उपचार नाही झाला तर काही जणांत पुष्कळ वर्षांनी हृदय, मेंदू, डोळे यांवर जातो.

जोडीदाराला लागण होण्याचा धोका पहिल्या एक-दोन वर्षांत जास्त, नंतर कमी होत जातो. पण गरोदर बाईकडून बाळाला मात्र नंतरही जाऊ शकतो. म्हणून "त्याला काही झालेलं नाही" याला अर्थ नाही. त्याची जखम कधीच भरून गेली असेल, किंवा मधे कुठल्या तापाला अँटिबायोटिक घेतलं असेल आणि खुणा पुसल्या असतील.

निरोधाने धोका बराच कमी होतो, पूर्ण जात नाही, कारण जखम निरोध झाकतो त्याच्या बाहेरही असू शकते.

विडी_घरकुल
मी नुसतं वाचायलेय, पण एक विचारते. मला बरीच वर्षं पांढरं जातंय. विड्या वळायला बसलं की दिवसभर उठणं नाही, पाणी कमी. शेजारच्या बायका म्हणतात हीच गरमी. मग मला पण उपदंश आहे का?

पांढरा_कोट
ताई, पांढरं जाणं हे उपदंशाचं लक्षण नव्हे. थोडा पातळ, वास नसलेला स्राव पाळीच्या चक्राप्रमाणे सगळ्यांना होतो. दह्यासारखा घट्ट आणि खाज असेल तर बुरशीचा. करडा आणि माशासारखा वास येत असेल तर जंतूंचा समतोल बिघडलेला. हिरवट-पिवळा, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास, त्यात नवऱ्यालाही औषध लागतं. यांची औषधं वेगवेगळी आहेत. शेजारणीने दिलेली एकच गोळी सगळ्यांना चालत नाही. संबंधानंतर रक्त जात असेल किंवा पाळी बंद झाल्यावर लाल दिसलं तर अजिबात थांबू नका, गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या.

अक्का_७१
आणि कुणी "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" म्हणालं तर उठून निघून या. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण गाजलं ते विसरू नका. पांढरं जातं, कंबर दुखते एवढ्यावर तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढल्या होत्या. आमच्या जिल्ह्यात पण ऊस आहे, मुकादम आहेत. माझ्या सख्ख्या भाचीला एका खासगी दवाखान्यात हेच सुचवलं होतं, साध्या बुरशीच्या त्रासावर. मी म्हटलं चल घरी. गोळीने आठवड्यात बरी झाली.

विडी_घरकुल
फार बरं वाटलं. सरकारी दवाखान्यात याची वेगळी सोय असते का? सगळ्यांसमोर सांगायला लाज वाटते.

लॅबवाला
असते. सिव्हिलला, म्हणजे वैशंपायन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, स्त्रीरोग विभाग आहे आणि त्वचा-गुप्तरोग विभाग आहे. नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या) योजनेतून मोठ्या सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' चालतात, तिथं समुपदेशक एकटीला बसवून बोलतात, औषधाची पाकिटं फुकट असतात, आजारागणिक वेगळ्या रंगाची. दाखवायला जायच्या आधी बोलायचं असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, नाव सांगावं लागत नाही.

गड्ड्याचा_पाळणा
माझा अनुभव सांगतो. हसायचं तर हसा. रक्तदान शिबिरात रक्त दिलं, नंतर रक्तपेढीतून फोन आला, येऊन भेटा. मला वाटलं सत्कार करतायत. व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह. बायकोला सांगायच्या आधी मी यात्रेत हातावर गोंदवून घेतलं होतं त्याच्यावर ढकललं. समुपदेशकाने शांतपणे विचारलं, गोंदवलं कधी? तारीख सांगितली. ते म्हणाले, दोघांचं रक्त काढू. टीपीएचए केली, निगेटिव्ह! थोड्या दिवसांपूर्वी मलेरिया झाला होता, त्यानेच ते रिॲक्टिव्ह आलं असावं म्हणाले.

होटगीरोडकर
तरी बायकोने किती दिवस चहा दिला नाही ते सांगा.

गड्ड्याचा_पाळणा
ते विचारू नका. गोंदवलेलं नाव माझंच होतं म्हणून वाचलो.

शेंगाचटणी
हे बघा, म्हणजे रिपोर्ट खोटा पण असतो. अबोलीताईंच्या जावेने मग उपचाराची इंजेक्शनं कशाला घ्यायची? टीपीएचए येईपर्यंत थांबा. पोटातल्या बाळाला उगाच जड औषध.

पांढरा_कोट
थांबणं हाच यातला सगळ्यात मोठा धोका. टीपीएचएला रक्त पाठवा, पण गरोदर बाईची दुसरी टेस्ट यायला दिवस जाणार असतील तर बरेच डॉक्टर पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी देतात. तिला आजार नसला तर एक सुई वाया गेली, असला तर बाळ वाचलं. उपचाराविना राहिलं तर गर्भपात, पोटातच मृत्यू, अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, किंवा जन्मतःच आजार घेऊन आलेलं बाळ, ज्याची हाडं, यकृत, पुढे दात, कान, डोळे बिघडू शकतात.

औषध जड वगैरे नाही. बेंझाथिन पेनिसिलिन, १९४०च्या दशकापासून वापरात असलेल्या घराण्यातलं. गरोदरपणात बाळापर्यंत खात्रीने पोचणारं हेच एक. त्याऐवजीची डॉक्सिसायक्लिनची गोळी गरोदरपणात देत नाहीत. ॲलर्जी असली तर दवाखान्यात भरती करून हळूहळू सवय करवून पेनिसिलिनच देतात.

लागण एका वर्षाच्या आतली असेल तर २४ लाख युनिटचा एक डोस. कधीची ते माहीत नसेल, जावेचं तसंच आहे, तर आठवड्याला एक असे ३ डोस. मधला आठवडा चुकवायचा नाही, गरोदरपणात तर मुळीच नाही, चुकला तर पहिल्यापासून सुरू करावं लागू शकतं.

अक्का_७१
सुईबद्दल मी सांगते, डॉक्टर लोक हे सांगत नाहीत. पूड पाण्यात मिसळली की दुधासारखी पांढरी घट्ट होते, सुई मोठी लागते, नाहीतर मधेच अडकते. १२ लाख एका बाजूच्या कुल्ल्यात, १२ लाख दुसऱ्या. दुखतं, खोटं कशाला बोलू. आधी टेस्ट डोस, नंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं, लगेच रिक्षात बसून निघायचं नाही. त्या रात्री ताप, अंगदुखी येऊ शकते, जंतू एकदम मेल्याचा तो परिणाम, दुसऱ्या दिवशी उतरतो. पण पोट आवळल्यासारखं झालं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर रात्रीबेरात्री दवाखाना गाठायचा.

बरेच छोटे दवाखाने रिॲक्शनच्या भीतीने हे इंजेक्शन द्यायला तयार होत नाहीत, गोळ्या लिहून देतात. गोळ्या घेऊ नका, सिव्हिलला जा.

अबोली_सोलापूर
सगळ्यांना धन्यवाद. रोज वाचत होते, लिहायला वेळ झाला नाही.

तिला घेऊन गेलो. टायटर १:१६, टीपीएचए पॉझिटिव्ह. पहिले इंजेक्शन झालं. रात्री थंडी वाजून ताप आला, अक्कांनी आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. एचआयव्ही निगेटिव्ह आहे, ती टेस्ट पण झाली.

दिरांना माझ्या यजमानांनी गाडीवर बसवून नेलं. त्यांचं १:४ आलं. त्यांना जोडीनेच सुया सुरू आहेत. कुणाकडून कुणाला, हा विषय यजमानांनी बंद केला. "दोघांच्या अंगात आहे, दोघं घ्या, आणि डॉक्टर सांगतील तोवर संबंध नाही," एवढंच म्हणाले. सासूबाई समुपदेशक मॅडमसमोर बसल्या, टॉवेलचं त्यांच्याकडून ऐकलं तेव्हा पटलं, आमचं कुणाचं पटलं नव्हतं. दोरा मी परवाच कापला.

आता बाळाचं काय करायचं ते सांगा.

माहेर_बार्शी
यजमानांना माझा नमस्कार सांगा. जावेला पण.

पांढरा_कोट
वेळेत पकडलंत. प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी उपचार पूर्ण झालेला असला की बाळाचा धोका खूप कमी होतो, तुमच्याकडे त्याहून जास्त अवधी आहे. सोनोग्राफी करताना हा इतिहास सांगा. टायटर पुन्हा बघतील. १:१६ चं १:४ झालं, म्हणजे चार पटीने उतरलं, तर औषध लागू पडलं. पण ते उतरायला महिने लागतात, प्रसूतीपर्यंत उतरलं नाही म्हणून घाबरू नका. वाढलं तर मात्र पुन्हा लागण झाली का ते बघावं लागेल. टीपीएचए बहुतेक जन्मभर पॉझिटिव्ह राहते, ती पुन्हा पुन्हा करून पैसे घालवू नका.

जन्मल्यावर बाळाचं रक्त आईच्या टायटरशी ताडून बघतात. आईची प्रतिपिंडं बाळात उतरलेली असतात, म्हणून पॉझिटिव्ह आलं म्हणजे आजारच असं नाही. आजार नसेल तर ती साधारण ६ महिन्यांत जातात. बालरोगतज्ज्ञांना जुने सगळे कागद दाखवा. अंगावर पाजायला हरकत नाही, स्तनावर जखम नसेल तोवर.

अक्का_७१
कागदांची एक फाईल करा आणि ती जावेकडे राहू द्या, दिरांकडे नको. बाळंतपणाला माहेरी गेली तर तिथल्या दवाखान्यात तीच लागणार.

नवी_आयडी_२
धागा आत्ता वाचला. मी सातव्या महिन्यात आहे. पहिल्या तपासणीत माझं व्हीडीआरएल निगेटिव्ह होतं. यजमान कामानिमित्त बाहेर असतात. पुन्हा करावं का? डॉक्टरांना विचारलं तर त्यांना वाटेल मला नवऱ्यावर संशय आहे.

पांढरा_कोट
करा. शेवटच्या तिमाहीत पुन्हा तपासणं रूढ आहे, खास करून जोडीदार दूर असतो तेव्हा. कारण सांगायची गरजच नाही, "सातव्या महिन्याचं रक्त काढताना व्हीडीआरएल पण लिहा" एवढंच म्हणा. एचआयव्ही आणि उपदंश दोन्ही एका पट्टीवर दाखवणारं किट पण असतं.

लॅबवाला
सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी असते, सुरक्षित मातृत्व अभियानाची. त्या दिवशी गेलात तर रक्त तिथंच निघेल. गर्दी असते, केसपेपर सकाळी लवकर काढा.

नवी_आयडी_२
आधार कार्ड न्यावं लागतं का?

लॅबवाला
असू द्या जवळ. आणि माता-बाल कार्ड विसरू नका, त्यावरच नोंद होते.